कोकराचं कातडं

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! डोंगरकडा गावाच्या शिवेवरच्या रखमाजी मेंढपाळाचं पोरगं, म्हणजे अस्मादिक प्रभू, आजपासून आयर्लंडात संगणकशास्त्राच्या पदवीचे विद्यार्थी. ही वही दीपमालाने दिली. 'दादा, तिथं कोनाशी बोलायला न्हाई भेटलं तर हिच्याशी बोल,' म्हणाली. बहीण बारावीला आहे, पण बोलते सासूसारखी.

खोली झकास आहे. गावाबाहेरच्या एका शेतघरात माडीवर. पलंग, टेबल, जाडजूड रजई, आणि खिडकीतून नुसतं हिरवं हिरवं. मालकीणबाई एकट्याच राहतात. वय झालंय, ऐकू कमी येतं. त्यांनी स्वयंपाकघर दाखवताना बरंच काही सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, तरी मान पुऱ्याला डोलावली. ठेच्याची बरणी बॅगेत फुटली, त्यामुळे सगळ्या पुस्तकांना आता आमच्या घराचा वास येतो. नरसीच्या नामदेवाचा प्रसाद तेवढा शाबूत आहे.

वारंगा फाट्यावर माय निरोपाला आली होती. निघायच्या आधी तिने मला नवा सदरा घालायला लावला आणि अंगावरचा जुना निळा सदरा काढून घेतला. धुणार नाही, असाच ठेवणार, म्हणाली. मग भर फाट्यावर, चाँद पाशाच्या मोबाइलच्या दुकानापुढे, माझं डोकं दोन्ही हातांत धरून तिने खोल वास घेतला. माझ्या लहानपणापासून तिची ही सवय आहे. कोकरू असो की लेकरू, ती वासानेच ओळखते. चाँद पाशा काउंटरवरून हसत होता. मला लाज वाटली, आणि आता इथे बसल्यावर डोक्यावरून सारखा हात फिरतोय.

तिला शब्द दिलाय. रोज दिवेलागणीला, मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाडग्यात परत आली की माझा फोन. तोवर ती जेवणार नाही.

७ सप्टेंबर

इथेही मेंढरंच! खिडकीखाली शंभरेक तरी चरत असतील. केवढी गुबगुबीत, आणि पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके. बापाला फोनवर दाखवली तर बा म्हणाला, 'ह्यांना चारून राहिले का फुगवून राहिले?'

त्यावरून आमची एक युक्ती आठवली. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडे एखादं कोकरू पोरकं झालं, तर बा मेलेल्याचं कातडं काढून त्या पोरक्याच्या पाठीवर बांधतो. मेंढी येते, वास घेते, आपलंच समजून पाजते. चार-आठ दिवसांनी कातडं सोडून टाकलं तरी चालतं. तोवर ते तिचं झालेलं असतं. वर्गातल्या एका मुलीला हे सांगितलं, तर ती आपली बॅग उचलून दुसऱ्या बाकावर गेली. मेंढपाळाने जपून बोलावं.

१९ सप्टेंबर

पंचाईत झाली. आमच्याकडची दिवेलागण म्हणजे इथली ऐन दुपार, आणि दुपारीच प्रयोगवर्ग. हजेरी सक्तीची. मी खाणाखुणा करून बाहेर सटकतो, जिन्यात उभा राहून फोन लावतो, आणि माय सुरुवात करते ती भाकरी किती थापल्या इथपासून. काल सरांनी चारचौघांत विचारलं की रोज कोण आजारी असतं. आज नाही लावला. संध्याकाळी दीपमालाचा निरोप आला. माय फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आणि तशीच उपाशी झोपली.

इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, ही कोणाची चूक नाही. सगळे भले आहेत. हसतात, 'कसा आहेस' विचारतात आणि उत्तराच्या आधी पुढे जातात.

३ ऑक्टोबर

डोकं चाललं! शिकायला आलोय ते कशासाठी मग? मायला अक्षर येत नाही, म्हणून नांदेडला वसतिगृहात होतो तेव्हापासून आमचा सगळा कारभार आवाजी. माझे शेकडो निरोप फोनमध्ये पडून आहेत. हसणं, खोकणं, चिडणं, 'माय गं' म्हणणं, सगळं. ते सगळं शिकवून मी एक प्रोग्राम तयार केला. तो माझ्या आवाजात बोलतो, मायचं ऐकून घेतो, तिला रुचेल असं उत्तर देतो. पडद्यावर माझा चेहरा, ओठही बरोबर हलतात. दिवेलागणीला तोच फोन लावेल. मी सवड मिळेल तसा बोलेन. नाव ठेवलं धाकटा.

दीपमालाला विश्वासात घेतलंय. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, जेवली म्हणजे बस्स.

६ ऑक्टोबर

पहिल्या दिवशी धाकटा नापास. माय दोनच वाक्यांत म्हणाली, 'तू आज दुसराच कोनी बोलून राहिला. माजं लेकरू न्हाई हे.' आणि ताट सारून उठली.

मला बाची युक्ती आठवली आणि खूप हसू आलं. दीपमालाला सांगितलं, माझा तो निळा सदरा आण आणि फोनला गुंडाळ. फक्त काच उघडी ठेव. तिनेही हसत हसत गुंडाळला. आज मायने तो हातात घेतला, नेहमीसारखा वास घेतला आणि धाकट्याशी तास दीड तास बोलली. दोन भाकरी खाल्ल्या म्हणे. मी त्या वेळी वर्गात होतो. आज मला शाबासकीही मिळाली.

१७ ऑक्टोबर

सगळं सुरळीत आहे. माय जेवते, मी शिकतो. धाकटा माझ्यापेक्षा गुणी निघाला. मी भाकरीच्या गप्पांना कंटाळायचो, तो कधी कंटाळत नाही. कोणती मेंढी लंगडते, हळद कशी आलीय, शेजारच्या भिकाबाईचं कोणाशी भांडण झालं, सगळं विचारतो.

दुपार मोकळी झाली तेव्हा ध्यानात आलं की दिवसभरात माझं तोंड उघडायची तीच एक वेळ होती. आज मालकीणबाईंना हाक मारली तर घशातून आवाजच फुटला नाही. कोरडं खरखरलं नुसतं. त्यांना एरवीही ऐकू येत नाही म्हणा.

२६ ऑक्टोबर

थंडीने अंग फुटलंय. पाठीला फार खाज. आंघोळीनंतर टॉवेलला बारीक सालं लागली होती. मालकीणबाईंनी मलम दिलं, म्हणाल्या नवीन माणसाला असं होतं.

रविवार होता, म्हणून स्वतः फोन लावला. मोठ्या हौसेने. माय म्हणाली, आत्ताच तर बोललास, परत काहून लावला? म्हटलं, सहज. ती म्हणाली, 'घसा बसला का रे? मघा तर चांगला बोलून राहिला होतास.' आणि मेंढरं आली म्हणून ठेवला.

धाकट्याला मी रविवारी फोन लावायला सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर

धाकट्याचं बोलणं मी आज पहिल्यांदा बसून ऐकलं. माय सांगत होती, तो हुंकार देत होता. मग त्याने विचारलं, कान फाटलेली ती काळी मेंढी व्याली का. माय म्हणाली, व्हय, सकाळीच, बापाला कळायच्या आधी तुला कसं रे कळलं?

मला त्या मेंढीचं काही ठाऊक नव्हतं. प्रोग्रामला कुठून कळेल? दीपमालाला विचारलं. तिनेही सांगितलं नव्हतं. ती मेंढी मी निघाल्यानंतर बाने आणलेली आहे. शब्दाला शब्द लागून जुळून आलं असेल. संगणकात असं होतं. होत असावं.

पाठीची सालं आता मोठी निघतात. दुखत नाही, तेच बरं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर

काढून टाकला. पूर्ण. लॅपटॉपवरून, सर्व्हरवरून, प्रतींसकट. आवाजाचे जुने निरोपही पुसले. उद्यापासून मी स्वतः बोलणार, हजेरी गेली खड्ड्यात. माझी माय आहे ती. तिला माझा आवाज हवा, माझा.

१३ नोव्हेंबर

दुपारी जिन्यात उभा राहून फोन लावला. लागेना. दुसरा फोन चालू आहे. पुन्हा लावला, तेच. शेवटी दीपमालाला लावला. ती कुजबुजत म्हणाली, 'दादा, तू मायशी बोलून राहिलास ना? मंग मला कसा लावला?'

मी म्हटलं, दीपे, तो बंद केलाय मी, कालच. मागून मायचं हसणं ऐकू आलं. आणि माझंही.

१५ नोव्हेंबर

बाला त्याच्या फोनवर गाठलं, तो चारायला गेला असताना. सगळं सांगितलं, सदऱ्याचंही. मेंढरांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मग बा म्हणाला, 'अरे पोरा, जित्या कोकराचं कातडं कोनी काढत असते का?'

मी म्हटलं, सदराच होता बा, चेष्टा होती. तो म्हणाला, मेंढीला कुठं चेष्टा कळते. फोन वाजला की तो उठून वाडग्यात जाऊन बसतो म्हणे. त्या आवाजासमोर त्याच्याने बसवत नाही. सदरा काढायला गेला तर माय अंगावर धावून आली. आता ती तो उशाला घेऊन निजते. म्हणाला, येऊन जा लवकर. तिनं तुला इसरायच्या आधी येऊन जा.

मला रडू आलं. दार बंद करून रडलो. आवाज आला नाही.

२४ नोव्हेंबर

फोन माझा चेहरा ओळखत नाही. पुन्हा पुन्हा धरला. पडदा काळाच. आकडे टाकून उघडतो.

वर्गात सरांनी नावं घेतली. मी हजर म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गैरहजर लिहिलं. शेजारचा मुलगा माझ्या खुर्चीवर आपली बॅग ठेवायला निघाला होता. मी हात धरला तेव्हा केवढ्याने दचकला.

बोलायला कोणीच नाही. वहीशीच बोलतोय. दीपमाला शहाणी निघाली.

५ डिसेंबर

परीक्षा अर्धी सोडली. तिकीट काढलंय, नागपूरपर्यंत. घरी कळवलं नाही. कोणाला कळवू? फोन तोच उचलेल.

अंगातला सदरा पाठीला चिकटतो. सोडवताना सोबत —

नको लिहायला. माय पाहील, हळद लावील, बरं होईल. डोक्याचा वास घेतला की तिला कळेल. तिला कळतंच.

१६ डिसेंबर, वारंगा फाटा, दुपार

नागपूरच्या गाडीतून उतरलो. ऊन, डिझेल, भज्यांचा वास. रस्त्याकडेला केळीच्या गाड्या. माझं माझं वाटलं.

चाँद पाशाच्या दुकानात गेलो. त्याने हिंदीत विचारलं, क्या होना? म्हटलं, चाचा, मी प्रभू, रखमाजीचा. त्याने मला नीट पाहिलं. बराच वेळ. मग हसून म्हणाला, 'मजाक नको करू बेटा. प्रभू तो घरीच है. सकाळीच फोनवर बोलला माझ्याशी, मायच्या चार्जरची तकलीफ सांगून राहिला होता.'

पासपोर्ट काढून दाखवला. फोटो बघून म्हणाला, व्हय, हा प्रभूच आहे. तुझ्याकडं कसा आला?

जीप भरतेय. पाच मैलांचा तर प्रश्न आहे. माय आहे तिथं. मायला कळेल.

१६ डिसेंबर, वाडग्यापाशी

आलो. कुत्रं भुंकलं. आपलंच कुत्रं. थांबलंच नाही.

माय ओट्यावर होती. मांडीवर फोन. निळा सदरा, बाह्या त्याच्याभोवती घट्ट आवळलेल्या, लेकरू दुपट्यात बांधतात तशा. मी माय म्हटलं. घोगरं काहीतरी निघालं. मग बोललोच नाही. गुडघ्यावर बसलो, मान खाली घातली, डोकं तिच्या पुढ्यात धरलं.

तिने वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा. मी डोळे मिटले.

मग दोन्ही तळव्यांनी तिने माझं कपाळ मागे ढकललं. मेंढी ढकलते तसं. रागाने नाही. विचारलं, 'कोनाचा रे तू, लेकरा? भुकेजला का?' भाकर देऊ का म्हणाली. परक्याला देतात तशी. हातावर.

दीपमाला दारात होती. माझ्याकडे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओळखलं, मला वाटतं तिने — सदऱ्यातून माझा आवाज आला, दीपे, आत ये. ती आत गेली.

तिथेच, जरा वेळाने

बा आला. त्याने ओळखलं! पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. हाताकडे बघत राहिला. म्हणाला, समदंच निघालं रे.

एक उपाय करून पाहू म्हणाला. वासच पाहिजे ना तिला. आत जाऊन सदरा घेऊन आला, माय चूल फुंकत होती तेवढ्यात. माझ्या अंगात घातला. झोंबला. तरी बरं वाटलं, किती दिवसांनी ऊब —

माय धावत आली. सदरा बघून थांबली. जवळ आली. वास घेतला. तिचा हात वर आला, माझ्या गालापर्यंत. म्हणाली, प्रभू?

म्हटलं, व्हय माय. ओठ हलले. नुसतेच हलले.

आणि आतून, चुलीपाशी उघड्या पडलेल्या फोनमधून, माझ्या आवाजात, माझ्या हसण्यात — 'माय, कोन हाय भाईर? धाकटा आला का?'

मायचा हात खाली गेला. म्हणाली, 'न्हाई रे राजा. कोनी न्हाई.' आत गेली. दार लावलं.

आता तिला सदराही लागत नाही.

दिवेलागण

बा शेजारी बसून रडला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, तिनं पान्हा त्याला सोडला. आता तू दिसत राहिलास तर ती खुळी होईल, दोन्ही लेकरं जातील. ज्याचं कातडं काढलं ते कोकरू वाडग्यात ठेवत नसतात. मेंढीला दिसू देत नसतात.

म्हटलं, बा, मी जिता आहे. त्याला ऐकू आलं नाही. का आलं —

तो कुदळ घेऊन बाभळीकडे गेलाय. तिथंच पुरतो तो कोकरं.

खणून राहिला. मी हाक मारतोय. वळून पाहत नाही. पाठ आता दुखत नाही. थंडीही नाही.

खिडकीत दिवा. आत ताटं मांडली. माझं ताट, माझ्या जागी, फोन त्याला टेकवून. माय भाकर मोडून राहिली. विचारते, पोट भरलं का रे, अजून वाढू का, आणि मी म्हणतो वाढ की माय, तुझ्या हातची — मी म्हणतो, मी आत म्हणतोय, वाढ माय, मला लई भूक —

कुदळ थांबली. बा येऊन राहिला. माय, मी हितं आहे, भाईर, एकदा दार उघडून वास —